पाहुणचार आणि मैत्री

माणसें दोन कारणांनीं परदेशीं प्रवासास निघतात. कांहींना स्थळें पाहावयाचीं असतात, तर कांहींना माणसें भेटावयाचीं असतात. स्थळें पाहणाऱ्याची फसगत झाली, तर ती थोडक्यांत निभावते. वाटाड्यानें सांगितलेली एखादी दंतकथा त्यानें इतिहास समजून घरीं आणली, तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. माणसें भेटावयास निघालेल्या प्रवाशाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला कोणीतरी आपल्या घरीं उतरवून घेतो, त्याची सरबराई करतो, त्याला गांव दाखवितो. आणि त्या घराच्या खिडकींतून जेवढा प्रदेश दिसतो तेवढाच सारा देश, असें तो प्रवासी नकळत मानूं लागतो. यजमान जितका मोठा, तितका ही भूल पडण्याचा संभव अधिक. अशा वेळीं उपयोगी पडतो तो जुना मित्र. पाहुणचार गोड असला म्हणजे त्याचें काम झालें. मैत्रीला मात्र प्रसंगीं कडू व्हावें लागतें.

रवींद्रनाथ टागोर यांनीं १९२६ सालच्या उन्हाळ्यांत युरोपचा जो प्रवास केला, त्यांत या दोन्ही गोष्टींची गांठ पडली. प्रवासाच्या आरंभीं एका राज्यकर्त्याचा पाहुणचार होता आणि त्यानंतर लगेच एका मित्राचें घर होतें. राज्यकर्ता होता इटलीचा मुसोलिनी आणि मित्र होते फ्रेंच लेखक रोमां रोलां. या दोन मुक्कामांमध्यें जें अंतर होतें, तें आगगाडीच्या एका प्रवासाचें होतें. परंतु मनाला तें अंतर तोडावयास त्या कवीला पुढचे कित्येक आठवडे लागले.

रवींद्रनाथ आणि रोलां यांचा स्नेह कसा जुळला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां युरोपांतील बहुतेक लेखक आपापल्या देशाच्या सैन्यामागें उभे राहिले. रोलां त्या वेळीं स्वित्झर्लंडमध्यें होते. ‘जाँ क्रिस्तोफ’ या दहा खंडांच्या कादंबरीमुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालेलें होतें. त्यांनीं जिनीव्हाच्या वृत्तपत्रांतून लेख लिहून दोन्ही पक्षांच्या द्वेषबुद्धीचा निषेध केला आणि त्याबद्दल स्वदेशांत देशद्रोही ही पदवी मिळविली. १९१५ सालचें साहित्याचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, तरी ही पदवी कांहीं पुसली गेली नाहीं. इकडे रवींद्रनाथांनीं १९१६ सालीं जपानमध्यें व्याख्यानें देऊन आक्रमक राष्ट्रवादावर कठोर टीका केली. आणि ज्या जपाननें त्यांचें प्रथम मोठ्या थाटानें स्वागत केलें, त्याच जपाननें त्यांच्याकडे पाठ फिरविली. एकमेकांना कधींहि न पाहिलेले हे दोन लेखक असे एकाच प्रकारच्या एकटेपणांत सांपडले होते.

१९१९ च्या एप्रिलमध्यें रोलांनीं रवींद्रनाथांना पत्र लिहिलें. युद्धकाळांत बुद्धिवंतांनीं आपली लेखणी सरकारांच्या हवालीं केली, तें पुन्हा घडूं नये म्हणून विचारस्वातंत्र्याचा एक जाहीरनामा त्यांनीं तयार केला होता. त्यावर त्यांना हिंदुस्थानांतून सही हवी होती. रवींद्रनाथांनीं ती दिली. याच सुमारास जालियनवाला बागेचें हत्याकांड घडलें होतें, आणि मे महिन्याच्या अखेरीस रवींद्रनाथांनीं ‘सर’ ही पदवी परत केली होती. तेव्हां स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणें हा त्यांच्या बाबतींत नुसता शिष्टाचार नव्हता. पुढें १९२१ च्या एप्रिलमध्यें पॅरिस येथें दोघांची पहिली भेट झाली. रोलांना इंग्रजी बोलतां येत नव्हतें आणि रवींद्रनाथांना फ्रेंच बोलतां येत नव्हतें. दोघांमध्यें नेहमीं एक तिसरें माणूस लागे, आणि तें काम बहुधा रोलांची बहीण मादलेन ही करी. भाषेची एवढी अडचण असतांहि हा स्नेह टिकला, यावरून त्याच्या मुळांची कल्पना येईल. १९२६ च्या जानेवारींत रोलांना साठ वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां निघालेल्या गौरवग्रंथांत रवींद्रनाथांचा आणि महात्मा गांधींचा, असे दोघांचेहि शब्द होते.

त्याच वर्षीं मे महिन्याच्या मध्याला रवींद्रनाथ मुंबई बंदरांतून युरोपकडे निघाले. त्या वेळीं त्यांचें वय पासष्ट वर्षांचें होतें. आमंत्रण इटलीच्या सरकारचें होतें, आणि त्या आमंत्रणाला थोडा पूर्वेतिहास होता. १९२५ च्या आरंभीं दक्षिण अमेरिकेंतून परत येतांना ते इटलींत उतरले होते. परंतु प्रकृति बिघडल्यामुळें त्यांना लवकरच परतावें लागलें. रोम विद्यापीठांतील संस्कृतचे प्राध्यापक कार्लो फोर्मिकी यांनीं त्या वेळीं त्यांचें आतिथ्य केलें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्मिकी शांतिनिकेतनांत शिकविण्यासाठीं आले. येतांना त्यांनीं मुसोलिनीकडून विश्वभारतीसाठीं इटालियन ग्रंथांची मोठी देणगी आणली. त्यांच्या पाठोपाठ जुझेप्पे तुच्ची हे तरुण पंडितहि सरकारी खर्चानें आले. हेच तुच्ची पुढें तिबेटच्या विद्येचे जगप्रसिद्ध अभ्यासक झाले. विश्वभारतीला द्रव्याची चणचण नित्याचीच होती. अशा वेळीं एखाद्या परकी सरकारनें पुस्तकें आणि पंडित दोन्हीं पाठवावीं, याचें त्या संस्थेच्या जनकाला किती अप्रूप वाटलें असेल, हें सांगावयास नको. खाल्ल्या मिठाला जागण्याची ओढ सज्जनांना अधिक असते, आणि सज्जनांना गांठण्याची नेमकी हीच वाट असते.

३० मे रोजीं रवींद्रनाथ नेपल्सला उतरले. तेथून त्यांना खास गाडीनें रोमला नेण्यांत आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं मुसोलिनीची भेट झाली. इटालियनमध्यें भाषांतरित झालेलीं आपलीं सर्व पुस्तकें आपण वाचलीं आहेत, असें मुसोलिनीनें त्यांना सांगितलें. कोणत्या लेखकाचें मन अशा वाक्यानें विरघळणार नाहीं? पुढें रोमच्या नगराधिकाऱ्यांनीं सत्कार केला. कलेच्या अर्थाविषयीं व्याख्यान झालें, त्याला मुसोलिनी स्वतः श्रोता म्हणून हजर राहिला. राजाची भेट झाली. ‘चित्रा’ हें नाटक इटालियन भाषेंत रंगभूमीवर आलें. रवींद्रनाथांवर मुसोलिनीच्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मायकेलांजेलोच्या छिन्नीनें घडविलेला पुरुष वाटावा, अशा आशयाचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. इटलीचा आत्मा या अग्निस्नानांतून उजळून निघो, अशी इच्छाहि त्यांनीं व्यक्त केली. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं तें सारें छापलें, आणि छापतांना जेथें इच्छा होती तेथें निर्वाळा केला.

या मुक्कामांत रवींद्रनाथांना जें दिसलें नाहीं, तें काय होतें? १९२२ च्या ऑक्टोबरमध्यें मुसोलिनी सत्तेवर आला. १० जून १९२४ रोजीं मात्तेओत्ती या समाजवादी प्रतिनिधीला रोमच्या रस्त्यांतून पळवून नेऊन ठार मारण्यांत आलें. निवडणुकींतील जुलूम त्यानें कायदेमंडळांत उघड बोलून दाखविला, हा त्याचा अपराध. त्याचें प्रेत दोन महिन्यांनीं सांपडलें. अमेंदोला हा उदारमतवादी पुढारी, त्याला १९२५ च्या जुलैंत फॅसिस्टांनीं बेदम मारलें, आणि त्या माराच्या परिणामांनीं तो ७ एप्रिल १९२६ रोजीं फ्रान्समध्यें कान येथें वारला. म्हणजे रवींद्रनाथ मुंबईहून निघण्यापूर्वीं जेमतेम सहा आठवडे. वृत्तपत्रें ताब्यांत घेतलीं गेलीं होतीं, प्राध्यापक देश सोडून जात होते, आणि गांवोगांवीं विरोधकांना चोप देऊन वर एरंडेल पाजण्याची पद्धत रूढ झाली होती. हें सर्व रोममध्यें लहान पोरालाहि ठाऊक होतें. फक्त त्या बड्या पाहुण्याला तें सांगणारा कोणी जवळ नव्हता. त्यांना इटालियन येत नव्हतें. दुभाषी म्हणून सतत फोर्मिकी बरोबर असत. ते विद्वान होते, कवीवर त्यांचें प्रेमहि होतें, परंतु ते सरकारच्या बाजूचे होते. एक अपवाद घडला. बेनेदेत्तो क्रोचे या तत्त्वज्ञानें १९२५ च्या मे महिन्यांत फॅसिस्टांविरुद्ध बुद्धिवंतांचा जाहीरनामा काढला होता. त्यांना भेटण्याचा आग्रह रवींद्रनाथांनीं सोडला नाहीं, आणि जूनच्या मध्याला रोममध्यें ती भेट झाली. मात्र एका भेटीनें सारा पडदा दूर होणें शक्य नव्हतें.

राष्ट्रवादाच्या यंत्राखालीं माणूस कसा भरडला जातो, हें ज्यानें दहा वर्षांपूर्वीं जगाला बजावून सांगितलें, त्याच्या नजरेला हें यंत्र ऐन समोर असतां कसें दिसलें नाहीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर कवीच्या स्वभावांत शोधण्याचें कारण नाहीं. तें पाहुणचाराच्या स्वरूपांतच आहे. तत्त्व ओळखणें सोपें असतें, कारण तें ग्रंथांत उघडें पडलेलें असतें. तेंच तत्त्व हंसतमुखानें दाराशीं उभें राहून खुर्ची पुढें सरकवतें, तेव्हां त्याचा चेहरा ओळखूं येत नाहीं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मोठ्या माणसांच्या बाबतींत ती डोळ्यांवरची पट्टीहि होते.

फ्लॉरेन्स आणि तुरीन हीं शहरें करून २२ जून रोजीं रवींद्रनाथ स्वित्झर्लंडमध्यें व्हिलनव्ह येथें पोंचले. जिनीव्हा सरोवराच्या पूर्व टोंकाला हें लहानसें गांव आहे. रोलां १९२२ पासून तेथें व्हिला ओल्गा नांवाच्या घरांत बहिणीसह राहत. त्या घराशेजारींच बायरन हॉटेल होतें, तेथें कवीची आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींची सोय केलेली होती. बरोबर पुत्र रथींद्रनाथ, सून प्रतिमादेवी, तसेच प्रशांतचंद्र महालनवीस आणि त्यांच्या पत्नी निर्मलकुमारी हीं होतीं. हॉटेलला बायरनचें नांव पडलें, तें जवळच्या शियाँ किल्ल्यामुळें. सरोवराच्या पाण्यांतच उभ्या असलेल्या या किल्ल्याच्या तळघरांत बोनिव्हार या जिनीव्हाच्या स्वातंत्र्यवाद्याला १५३० ते १५३६ पर्यंत कोंडून ठेवलें होतें, आणि त्यांतील चार वर्षें तो एका खांबाला जखडलेला होता. त्याच्यावर बायरननें १८१६ सालीं काव्य लिहिलें. इटलींतील तुरुंगांविषयीं जें कांहीं बोलणें पुढें व्हावयाचें होतें, तें नेमकें या किल्ल्याच्या शेजारीं झालें.

रोलांची अवस्था मोठी अवघड होती. इटालियन वृत्तपत्रांची कात्रणें त्यांच्या हातीं आलेलीं होतीं. आपल्या मित्राचें नांव मुसोलिनीच्या कौतुकाच्या मथळ्याखालीं पाहून त्यांना काय वाटलें असेल, तें त्यांच्या रोजनिशीवरून कळतें. ही रोजनिशी त्यांच्या पश्चात् १९५१ सालीं ‘आँद’ म्हणजे ‘हिंदुस्थान’ या नांवानें प्रसिद्ध झाली. इटलींतून परागंदा झालेले लोक त्यांच्याकडे येत. त्यांच्या अंगावरच्या जखमा रोलांनीं ऐकीव म्हणून जाणल्या नव्हत्या. आणि आतां पाहुणा म्हणून आलेला, आपल्याहून पांच वर्षांनीं वडील असा हा थकलेला कवि इटलीच्या स्वागताची हकीकत आनंदानें सांगत होता. अशा वेळीं तोंडदेखलें बोलून संगीताकडे विषय वळविणें सोपें होतें. संगीतावर दोघांचें बोलणें झालेंहि. रोलां हे बीथोव्हेनचे चरित्रकार, आणि रवींद्रनाथांच्या गीतांविषयीं त्यांना अपार कुतूहल. युरोपच्या संगीतांतील स्वरांची उभारणी आणि हिंदुस्थानी संगीतांतील एकाच स्वररेषेची वाटचाल यांविषयींचा त्यांचा संवाद प्रसिद्ध आहे. परंतु केवळ तेवढ्यावर भेट संपविणें रोलांच्या मनाला पटेना.

त्यांनीं मित्राला खरें सांगितलें. तें सांगण्याची रीतहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. रोलांनीं दोषारोप केला नाहीं. वृत्तपत्रांत काय छापून आलें आहे, तें त्यांनीं दाखविलें. मादलेनच्या तोंडून तें इंग्रजींत उतरे, तसतसें आपल्या शब्दांना कोणतें वळण दिलें गेलें, हें रवींद्रनाथांच्या लक्षांत येऊं लागलें. मात्तेओत्ती आणि अमेंदोला यांच्या हकीकती रोलांनीं सांगितल्या. शेवटीं, केवळ आपल्या शब्दावर विश्वासूं नका, ज्यांनीं सोसलें त्यांनाच भेटा, असें त्यांचें सांगणें होतें. रवींद्रनाथ एकदम वळले नाहींत. ज्याचा पाहुणचार घेतला त्याच्याविरुद्ध लगेच बोलणें त्यांना प्रशस्त वाटेना. शिवाय आपण प्रत्यक्ष पाहिलें नाहीं त्याविषयीं कसें बोलावें, हाहि त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं जो पहिला खुलासा लिहिला, तो रोलांना फार मिळमिळीत वाटला. दोघांमध्यें कांहीं काळ अवघडलेपणा आला. परंतु तें अवघडलेपण सोसण्याइतका हा स्नेह भक्कम होता. ४ जुलै रोजीं रवींद्रनाथांनीं व्हिलनव्ह सोडलें, तें एक निश्चय करून: साक्षीदारांना भेटावयाचें.

पहिली साक्ष झुरिच येथें मिळाली. साल्वादोरी हे इटलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांचे भाषांतरकार. १९२४ सालीं फ्लॉरेन्समध्यें फॅसिस्टांनीं त्यांना मारहाण केली होती, आणि नंतर हें कुटुंब स्वित्झर्लंडमध्यें आश्रयास आलें होतें. त्यांच्या पत्नी रवींद्रनाथांना भेटल्या आणि जें घडलें तें त्यांनीं सांगितलें. पुढें व्हिएन्नामध्यें मोदील्यानी भेटले. मात्तेओत्तीच्या कुटुंबाच्या बाजूनें उभे राहिलेले ते वकील. रोममध्यें ज्या शहराचा एक चेहरा पाहिला होता, त्याचा दुसरा चेहरा रवींद्रनाथांना परक्या देशांत, परागंदा माणसांच्या तोंडून असा दिसला. ज्या देशाची खरी हकीकत त्या देशाबाहेर जाऊन ऐकावी लागते, त्या देशाची प्रकृति कशी आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

२० जुलै रोजीं व्हिएन्नाहून रवींद्रनाथांनीं सी. एफ्. अँड्रूज यांना एक विस्तृत पत्र लिहिलें. तें ५ ऑगस्ट १९२६ रोजीं ‘मँचेस्टर गार्डियन’ या इंग्लिश वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. मुसोलिनीच्या व्यक्तिमत्त्वाची आपल्या मनावर छाप पडली, हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. परंतु जी चळवळ विचार प्रकट करण्याचें स्वातंत्र्य निर्दयपणें चिरडते, माणसाला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागावयास लावते आणि हिंसेच्या व गुप्त अपराधांच्या रक्तानें माखलेल्या वाटेनें चालते, तिला आपण पाठिंबा देऊं ही कल्पनाच हास्यास्पद आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. इटलींतील वृत्तपत्रें, जीं दोन महिन्यांपूर्वीं त्यांच्या पायघड्या अंथरीत होतीं, तीं आतां शिव्यांवर उतरलीं. फोर्मिकींनीं त्याच इंग्लिश वृत्तपत्रांत उलट उत्तर दिलें. विश्वभारतीला इटलीकडून मिळणारें सहाय्यहि थांबलें, आणि तुच्ची शांतिनिकेतनांतून गेले. सत्य बोलण्याची किंमत अशी रोख मोजून द्यावी लागली. आणि ती किंमत एकट्या कवीच्या पदरची नव्हती, त्यांच्या संस्थेच्या पदरची होती. त्या पत्राचें मोल यामुळें वाढतें.

यापुढचा प्रवास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. ऑगस्टमध्यें इंग्लंड झालें. मग नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क हे उत्तरेकडील देश झाले. सप्टेंबरमध्यें जर्मनी, तेथें आईनस्टाईन यांची भेट. त्यानंतर प्राग, पुन्हा व्हिएन्ना आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुडापेस्ट. एवढ्या दगदगीनें प्रकृति खालावली, तेव्हां हंगेरींतील बालातोन सरोवराच्या कांठीं बालातोनफ्युरेड येथील आरोग्यभवनांत त्यांनीं विश्रांति घेतली. तेथें ८ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं लिंडन वृक्षाचें रोप लावलें. सरोवराच्या कांठच्या त्या रस्त्याला आज त्यांचें नांव आहे. तेथून युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, रुमानिया, ग्रीस, ईजिप्त असें करीत ते डिसेंबरमध्यें स्वदेशीं परतले. उन्हाळ्यांत सुरू झालेला प्रवास हिंवाळ्यांत संपला. एवढे देश पाहिले, एवढ्या राजांच्या आणि पंडितांच्या भेटी झाल्या, पण त्या वर्षाची आठवण राहिली ती व्हिलनव्हच्या बारा दिवसांमुळें.

त्याच घरीं पांच वर्षांनीं दुसरा एक हिंदी पाहुणा आला. लंडनची गोलमेज परिषद आटोपून महात्मा गांधी ६ डिसेंबर १९३१ रोजीं व्हिलनव्हला पोंचले, आणि ११ तारखेपर्यंत तेथें राहिले. रोलांनीं त्यांचें चरित्र १९२४ सालींच लिहिलें होतें. प्रत्यक्ष भेट मात्र ही पहिलीच. गांधीजी तेथून रोमला जाणार होते. रवींद्रनाथांचा अनुभव गांठीशीं असल्यामुळें रोलांनीं या वेळीं आधींच सावध केलें: सरकारचे पाहुणे होऊं नका. गांधीजी रोममध्यें रोलांचे स्नेही जनरल मोरिस यांच्या घरीं उतरले. मुसोलिनीची भेट १२ डिसेंबर रोजीं झाली, ती थोडा वेळच. एवढी सावधगिरी बाळगूनहि एका इटालियन वृत्तपत्रानें गांधीजींच्या तोंडीं न बोललेले शब्द घालून मुलाखत छापलीच, आणि परतीच्या बोटीवरून त्यांना तारेनें तिचा इन्कार करावा लागला. व्हिलनव्हच्या शेवटच्या संध्याकाळीं रोलांनीं आजारांतून उठून गांधीजींच्या विनंतीवरून बीथोव्हेनच्या पांचव्या सिंफनींतील एक भाग पियानोवर वाजवून दाखविला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधीं दिलेला हा व्यवहारी सल्ला तितका सांगितला जात नाहीं. वास्तविक मित्र म्हणून रोलांचें मोठें काम तेंच होतें.

परंतु ही कथा येथेंच संपविली, तर ती अर्धीच सांगितल्यासारखें होईल. खिडकीची भूल केवळ इटलींतच पडत होती असें नाहीं. १९३० च्या ऑगस्टमध्यें रवींद्रनाथ आणि रोलां यांची जिनीव्हा येथें पुन्हा भेट झाली. पुढच्याच महिन्यांत रवींद्रनाथ सरकारी आमंत्रणावरून रशियांत गेले. तेथील शिक्षणप्रसार पाहून ते भारावले, आणि ‘रशियार चिठि’ या आपल्या पुस्तकांत त्यांनीं त्याची मनापासून स्तुति केली. परंतु १९२६ चा धडा ते विसरले नव्हते. निघतांना ‘इझ्व्हेस्तिया’ या सरकारी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतींत, मतभेद असणाऱ्यांविषयीं तुम्ही द्वेष शिकवीत आहांत, मतस्वातंत्र्य दडपीत आहांत, असें त्यांनीं यजमानाच्या घरींच यजमानाला ऐकविलें. ती मुलाखत त्या वृत्तपत्रानें छापली नाहीं. तेथें ती छापून यावयास १९८८ साल उजाडावें लागलें.

आणि रोलां? १९३५ च्या उन्हाळ्यांत ते स्वतः मॉस्कोला गेले. ज्येष्ठ लेखक गॉर्की यांच्या घरीं राहिले. २८ जून रोजीं स्टॅलिनची भेट झाली. हिटलरचें संकट दाराशीं आलेलें होतें, आणि त्याला तोंड देण्यास रशियाखेरीज बळ नाहीं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांना शंका आल्या नाहींत असें नाहीं. बारा वर्षांच्या मुलांनाहि कठोर शिक्षा लागू करणाऱ्या नव्या कायद्याविषयीं त्यांनीं स्टॅलिनला प्रश्न विचारला. कैदेंत पडलेल्या व्हिक्टर सेर्ज या लेखकाची गोष्ट काढली, आणि पुढच्या वर्षीं सेर्जला देश सोडून जाऊं देण्यांत आलें. १९३७ मध्यें बुखारिनसाठीं रदबदली करणारें पत्र त्यांनीं स्टॅलिनला लिहिलें. त्याला उत्तर आलें नाहीं. हें सारें त्यांनीं खासगी रीतीनें केलें. जाहीर रीतीनें ते गप्प राहिले, आणि मॉस्कोची आपली रोजनिशी पन्नास वर्षें उघडूं नये, अशी व्यवस्था त्यांनीं करून ठेवली. १९२६ सालीं मित्राचा पहिला खुलासा ज्यांना मिळमिळीत वाटला होता, त्यांनाच नऊ वर्षांनीं आपला खुलासा कुलुपांत ठेवावा लागला. त्यांना कात्रणें दाखविणारें माणूस त्या वेळीं त्यांच्या शेजारीं बसलें असतें, तर काय झालें असतें, हें कोण सांगणार? रवींद्रनाथ त्या वेळीं हजारों मैल दूर होते, आणि दोघांची भेट पुन्हा झाली नाहीं. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ रोजीं निवर्तले. रोलां ३० डिसेंबर १९४४ रोजीं.

यावरून रोलांना कमी लेखावें, असें मात्र कोणीं समजूं नये. दुसऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी दिसते आणि स्वतःच्या डोळ्यांवरची दिसत नाहीं, हा मनुष्याचा धर्मच आहे. म्हणूनच मित्र लागतो. रवींद्रनाथांचें १९२६ मधील मोठेपण कधींहि न फसण्यांत नव्हतें. ते फसले होते, आणि त्यांनीं तें छापून सांगितलें. रोलांचें मोठेपण सर्वज्ञ असण्यांतहि नव्हतें; एका सुखद भेटीचा विरस होईल हें ठाऊक असतां त्यांनीं बोलण्याचें धैर्य केलें, यांत तें होतें. एकानें सांगितलें आणि दुसऱ्यानें ऐकलें. या दोन क्रिया दिसावयास साध्या आहेत, पण त्या दोन्हीं एकाच घरीं घडणें विरळा.

आज परदेशप्रवास हा कवींचा आणि मुत्सद्द्यांचाच विषय राहिलेला नाहीं. मध्यम स्थितींतील घरांतूनहि माणसें शिक्षणासाठीं, उद्योगासाठीं, सभासंमेलनांसाठीं दूरदेशीं जातात, आणि परत आलीं म्हणजे त्या देशाविषयीं ठाम मत सांगतात. तें मत ऐकतांना तीन गोष्टी विचारून घेण्याची संवय घरोघरीं असावी: खर्च कोणीं केला, दुभाषी कोण होता, आणि कोणाकोणाची भेट होऊं शकली नाहीं? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा लगेच मिळतात. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा प्रवाशाजवळ नसतें. तें त्याच्या एखाद्या जुन्या मित्राजवळ असतें. त्या मित्राच्या घरीं वाट वांकडी करून जावें, आणि तो जें सांगेल तें गोड नसलें तरी शेवटपर्यंत ऐकावें.